तहानलेले साचे

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेरीत नव्या खुर्च्या आल्या, नळाला पाणी मात्र येईना. आमचा शिपाई फार कमी बोलायचा, आणि बोललाच तर निम्मं बोलणं त्याच्या बापाचं असायचं. बाप गेल्यावरही पाडव्याआधी तो रजा टाकून साखरेच्या गाठी करायचा, बापाच्याच लाकडी साच्यांत.

त्या दुष्काळी साली मी गाठी आणायला त्याच्या घरी गेलो. टँकरवरून एकच घागर मिळाली होती. ती त्यानं पातेल्यात ओतली आणि साचे त्यात बुडवले. बायको दारात उभी होती.

"प्यायला काय ठेवलं?" मी विचारलं.

"साचे तहानलेले ऱ्हायले तर गाठ सोडत न्हाईत, साहेब. बाप म्हणायचा."

बराच वेळ तो पाण्यातल्या साच्यांवरून हात फिरवत बसला. मग एकेक साचा काढून ठेवला, पाणी फडक्यानं गाळलं आणि पहिला पेला माझ्यापुढं धरला. बायको पेल्याकडेच पाहत होती. मला नाही म्हणवेना. पाण्याला जुन्या लाकडाचा वास होता.

"गोड लागलं का न्हाई?" त्यानं विचारलं. "बापाच्या हातची साखर हाय ती. अजून साच्यांतनं सुटायलीय."