कोंडला म्हणजे हरला

सातपुड्यापासून तापीपर्यंत जेवढी माणसं राहतात, त्यांच्यापैकी कुणाचंही एकही सरसकट विधान आमच्या पीटीच्या सरांनी आयुष्यात कधी मान्य केलेलं नाही. ‘यंदा ऊन फार आहे हो सर’, असं कुणी वैशाखात म्हटलं तरी ते आधी ‘कुठल्या गावात?’ असं विचारायचे, आणि समोरच्याने गावाचं नाव सांगितलं की ‘सावलीत की उन्हात?’ असा दुसरा प्रश्न टाकायचे. साधं ‘सगळ्यांना माहीत आहे’ एवढे शब्द कुणी उच्चारले, की सर मोटारसायकल स्टँडवर लावत, गळ्यातली शिट्टी खिशात घालत आणि शांतपणे म्हणत, “कोण म्हणस?” हा प्रश्न ते अहिराणीतच विचारायचे. शुद्ध मराठीत विचारलं तर माणूस उत्तर देतो, अहिराणीत विचारलं तर विचारात पडतो, असा त्यांचा अनुभव होता.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते अशा ठिकाणी. त्यामुळे पोरं सगळीकडून यायची आणि गावाने त्यांची वाटणी कधीच करून ठेवलेली होती. वरची, म्हणजे धडगावकडची पोरं वाऱ्यासारखी पळणार, पण तोंड उघडणार नाहीत, आणि होळी आली की पंधरा दिवस दिसणार नाहीत. खालची, तापीकाठची पोरं ऊस-केळीवर पोसलेली, गाडीवरून खाली उतरणार नाहीत. अक्कलकुव्याकडची अर्धी गुजरातची, बोलता बोलता तुम्हाला विकून येतील. आणि पुरुषोत्तमनगरची, म्हणजे साखर कारखान्याच्या कॉलनीतली, म्हणजे माझ्यासारखी, गोड, ढिली आणि झोपाळू. माझ्या बाबतीत हे सगळं शंभर टक्के खरं होतं. वर्गात मला ‘पोतं’ म्हणत, आणि पुढे कसलं ते सांगायची गरज नसे. पण सरांच्या कानावर ते पडलं की म्हणणाऱ्याला मैदानाला एक फेरी मारावी लागे. असं करून त्यांनी माझ्या जिवावर अर्धा वर्ग तंदुरुस्त केला.

कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी सरांचं कायमचं वैर होतं आणि चहाही तिथलाच लागायचा. तो एकदा म्हणाला, “सर, तुमनी पोरं निस्त्या गाड्या फिरवतस.” सरांनी चहा तसाच ठेवला आणि भर दुपारी बसस्टँडसमोर वही घेऊन उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीवरच्या पोराला थांबवून ‘कुठे चाललास?’ विचारायचे. संध्याकाळी वही चहावाल्यासमोर आपटली. एकूण एक पोरगा आपल्या आईला दवाखान्यात न्यायला निघालेला होता. “बघ,” सर म्हणाले, “किती आजारी आया आहेत या गावात, आणि तू पोरांना नावं ठेवतोस.” पोरांनी आपल्याला थाप मारली असेल ही शंका त्यांना आलीच नाही, किंवा आली असेल तर त्यांनी ती चहावाल्यासमोर दाखवली नाही.

‘वरची पोरं बोलत नाहीत’ या वाक्याचा सूड म्हणून त्यांनी मोलगीकडच्या एका अबोल पोराला कबड्डीच्या अंतिम सामन्याचं समालोचन करायला बसवलं. चाळीस मिनिटांच्या सामन्यात त्याने चार वाक्यं उच्चारली. ‘गेला.’ ‘आला.’ ‘धरला.’ आणि शेवटी ‘संपलं.’ प्रेक्षक हसून बेजार झाले. सर मात्र डोळ्यांत पाणी आणून म्हणाले की इतकं नेमकं समालोचन त्यांनी रेडिओवरसुद्धा ऐकलेलं नाही. मला विचाराल तर त्यात एकही चूक नव्हती.

त्याच झपाट्यात त्यांनी मला क्रॉसकंट्रीला उतरवलं. सर स्वतः माझ्यापेक्षा रुंद होते, पीटीच्या मास्तराने सडपातळ असावं असं कोण म्हणस, आणि पाटाच्या रस्त्याने केळीच्या बागांमधून ते मोटारसायकलवर माझ्या मागे हॉर्न वाजवत यायचे. स्पर्धेत मी शेवटून दुसरा आलो. माझ्या मागे जो होता त्याचा पाय मुरगळलेला होता. सरांनी मला लिंबूसोडा पाजला आणि प्राचार्यांना सांगितलं, “पुरुषोत्तमनगरची पोरं शेवटची येतात म्हणे. आली का?”

तर अशा या सरांच्या हाती रविता आली. ती पहिल्या वर्षाला आणि मी दुसऱ्या. तिचा पाडा धडगावच्याही पुढे, जिथे जीप सोडल्यावर तासभर चालावं लागतं. वसतिगृहातल्या सगळ्या जागा भरल्या होत्या, खेळाडूंच्या कोट्यातली तेवढी एक उरली होती. प्राचार्यांनी अर्जावरचं गावाचं नाव वाचलं आणि ‘वरची पोरगी आहे, पळेल’ म्हणून ती जागा तिला देऊन टाकली. अट एवढीच की दिवाळीच्या आत कुठल्यातरी खेळात विद्यापीठाच्या निवड यादीत तिचं नाव लागलं पाहिजे. नाही लागलं तर खोली सोडायची. आणि खोली सोडायची म्हणजे कॉलेज सोडायचं, कारण तिच्या गावाहून रोज ये-जा करता येईल अशी जीप अजून कुणी बनवलेली नाही.

सरांना हे कळलं तेव्हा ते रागाने लाल झाले. जागा दिली याचा राग नव्हता, ‘पळेल’ या शब्दाचा होता. तिला मैदानावर बोलावून त्यांनी विचारलं, “तुला पळायला आवडतं?” रविताने मान हलवून नाही म्हटलं. सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पुढे पाहिला नाही. इतकी वर्षं ते जिला शोधत होते ती, न पळणारी वरची पोरगी, समोर उभी होती.

मग दोन दिवसांनी त्यांनी तिला जीपस्टँडवर पाहिलं. धडगावची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे फक्त ड्रायव्हरला कळतं. तेवढ्या वेळात रविता ओट्यावर कोळशाने रेघा मारून ड्रायव्हरशी वाघ-बकरी खेळत होती. मोठा खडा वाघ, बारके खडे बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्यांनी मिळून वाघाला असा घेरायचा की त्याला हलायला जागा उरू नये. वाघ कोंडला की बकऱ्या जिंकल्या. ड्रायव्हर सरांना म्हणाला, “सर, या पोरीना संगे खेळू नका. गाडी भरास तवलोंग माणूस कोंडाई जास.” सरांनी तिथल्या तिथे ठरवलं. रविता कॉलेजकडून बुद्धिबळ खेळणार.

बुद्धिबळ सरांना स्वतःला येत नव्हतं, ही किरकोळ अडचण होती. मला थोडंफार येत होतं, म्हणून रोज दुपारी मी शिकवायचो, ती शिकायची आणि सर बाजूला बसून दोघांवर ओरडायचे. ती भराभर शिकली, पण एक खोड काही केल्या जाईना. प्यादं द्यायचं म्हटलं की तिचा हात अडायचा. वजीर खुशाल मरू द्यायची आणि कोपऱ्यातलं क्षुल्लक प्यादं वाचवायची. मी चिडलो की म्हणायची, “दादा, वजीर एकटा आहे, त्याचं तो बघेल. बकऱ्या आपल्या भरवशावर आहेत.” सर म्हणायचे, “बरोबर बोलतेय ती.” असले गुरू लाभल्यावर कोण सुधारणार?

तरी ती जिंकत गेली. दिवाळीआधीच्या निवड स्पर्धेत शेवटचा डाव उरला तेव्हा हिशेब साधा होता: जिंकली तर निवडीच्या पाच मुलींत, नाहीतर नाही. समोरच्या मुलीकडे शेवटी एकटा राजा राहिला. रविताची प्यादी मात्र बरीच शिल्लक होती, सगळी सांभाळलेली. दोन खेळ्यांत मात होती, मला मागून दिसत होती. पण रविताने सावकाश एक प्यादं पुढे सरकवलं, राजाच्या चारही बाजू बंद केल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आमच्याकडे बघून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “कोंडला.”

पंच पटावर वाकला. राजाला शह नव्हता आणि हलायला घरही नव्हतं. “बरोबरी,” तो म्हणाला. अर्ध्या गुणाने तिचं नाव सहावं लागलं.

पुढचा तासभर सर पंचाशी भांडले. ज्याला हलायला जागा नाही तो बरोबरीत कसा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि नियमाचं पुस्तक हे त्यांच्या मते उत्तर नव्हतं. “वाघ कोंडाई गया म्हंजे हारना,” ते टेबलावर बोट आपटून म्हणत होते, “लहान पोरले बी समजस.” पंचाला अहिराणी येत नव्हती. रविता दाराशी उभी होती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मी दोन खेळ्यांतली ती मात डोक्यात पुन्हा पुन्हा खेळत राहिलो. मला फार वाईट वाटलं होतं. शिकवणारा मी होतो, आणि राजाला नुसतं कोंडून भागत नाही ही एवढी गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मी आणि रविता बाहेर बाकावर होतो. प्राचार्य माणूस वाईट नव्हते. ते म्हणत होते, “शनिवारी मुलींची धावण्याची निवड आहे. तिला पळवा, विषय मिटवा.” सर म्हणाले, “तिला आवडत नाही.” “सर, ती धडगावची आहे.” मग आतून शिट्टी टेबलावर पडल्याचा आवाज आला. “तुम्हीच पळवा मग,” सर म्हणाले, “मी या कॉलेजात पत्ता बघून खेळ वाटणार नाही.”

तेवढ्यात रविता उठून आत गेली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. “मी पळते,” ती म्हणाली, “एकदा.” सर गडबडले. “पोरी, तुला आवडत नाही ना?” ती म्हणाली, “आवडत नाही. येत नाही असं मी कधी म्हणाले?”

शनिवारी ती पळाली. मैत्रिणीचे बूट घालून, ओढणी कमरेला बांधून ती जी सुटली, ती पाटाच्या पहिल्या वळणावरच बाकीच्यांना दिसेनाशी झाली. सर अंतिम रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभे होते, पण पाठ करून, केळीच्या बागेकडे तोंड करून. ती रेषा ओलांडून गेली तेव्हा दुसऱ्या नंबरची मुलगी अजून पाटाच्या पुलापाशीही आली नव्हती. मी ओरडलो, “सर, पहिली.” सर केळीला म्हणाले, “अपवाद.”

रविता आली. फारसा दमही लागलेला नव्हता. ओढणीने तोंड पुसलं आणि विचारलं, “सर, आता पट मांडू?”

गावाला आनंदाचं भरतं आलं. चहावाला तर सर येण्याची वाटच पाहत होता. “पाहा सर, मी काय म्हणत व्हतू? वरनी पोर, रक्तमाच पयनं शे.” सरांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, “भाऊ, तिले खोली पाहिजे व्हती म्हणीसन ती पयनी. तुन्हा मांगे कुत्रं लागनं तर तू बी पयशी. मंग तू काय जन्मजात धावपटू शे?” त्यानंतर प्राचार्यांनी तिला पळण्यासाठी तीन चिठ्ठ्या पाठवल्या. तिन्हींच्या मागे तिने वाघ-बकरीचे पट काढले. पुढच्या वर्षी ती बुद्धिबळातच निवडली गेली. एव्हाना ती प्यादी द्यायला शिकली होती, पण प्रत्येक वेळी तोंड वाकडं करून.

लोकांचं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. ती पळायचीच तशी, आणि मी अजूनही पोतंच आहे. पण म्हणून काय झालं? आम्हाला काय येतं ते गावाला पत्त्यावरून कळलं असेल, आम्हाला काय हवं ते विचारणारा माणूस तिथे एकच होता, आणि तोही भांडखोर.

सर आता निवृत्त होऊन तापीकाठच्या आपल्या गावी राहतात. गुडघे गेले आहेत. अंगणातल्या खाटेवरून दारापर्यंत जायचं तरी दोन थांबे लागतात. ‘म्हातारपणी गुडघे जातातच’, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्यांनी जुनाच प्रश्न विचारला म्हणे, पण आवाज बारीक झाला होता. रविता धडगावला सरकारी कार्यालयात आहे. महिन्यातून एकदा ती जीपने घाट उतरून त्यांच्याकडे येते, आणि परवा मीही नेमका त्याच दिवशी गेलो होतो. खाटेशेजारी फरशीवर खडूने पट काढलेला होता. सर वाघ, ती बकऱ्या. ती एकेक खडा सरकवत होती. सर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बराच वेळ वाकून बघत राहिले. चारही बाजूंनी वाट बंद झाली होती.

त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हणालो, “सर, शह तर नाहीये. बरोबरी म्हणू या.”

सरांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

“बरोबरी कसानी?” ते म्हणाले. “कोंडाई गया म्हंजे हारना. मी त्या पंचले तव्हयच सांगेल व्हतं.”