सामचोन विमानात बसली

आमच्या जेजू बेटावर वडीलधाऱ्या माणसाला सामचोन म्हणतात. काका असो की काकू, शब्द एकच. माझी शेजारीण बू मालसुन अख्ख्या गावाची सामचोन. तिच्या अंगणावरून विमानं इतकी खालून जातात की आंबवत ठेवलेल्या सोयाबीनच्या रांजणांची झाकणं थरथरतात.

मान वर न करता ती सांगायची, "हे सोलचं. आजारी माणसं चाललीत." मोठी इस्पितळं तिकडे राजधानीत, त्यामुळे सकाळच्या विमानात मांडीमांडीवर एक्स-रेची पाकिटं. बुसानच्या विमानात तिकडे दिलेल्या आमच्या लेकी. शुक्रवारी एकसारखे शर्ट घातलेली नवी जोडपी उतरायची. "सगळा देश सोलच्या खुंटीला टांगलाय," ती म्हणायची, "आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या डोक्यावर!"

ती स्वतः मात्र कधी विमानात बसली नव्हती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नसे. ती लहान असताना सरकारी शिपायांनी तिच्या बापाला बंडखोर ठरवून इतरांबरोबर विमानतळाच्या माळावर नेलं, गोळ्या घातल्या आणि तिथेच पुरलं. पुढे त्यावर धावपट्टी आली. काही वर्षांपूर्वी खणलं तेव्हा पुष्कळांची हाडं मिळाली. सामचोनने हाडांशी जुळवून बघायला रक्त दिलं, पण तिचा बाप त्यांत निघाला नाही. म्हणजे अजून खालीच आहे, असं ती धरून चालली.

तिचा मुलगा ग्योंगहो सोलला नोकरीला. सणाला आला की ही त्याला दारातच गाठायची.

"आलास आजोबांच्या छातीवर चाकं घालून?"

"मग काय पोहत येऊ, आई?"

ती त्याच्याकडे जायची ती बोटीने, मग रेल्वेने.

त्या वसंतात सोलहून फोन आला. ग्योंगहोचं यकृत निकामी झालं होतं. आजच या, उद्याचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. बोट निघून गेली होती.

"सामचोन, आता हट्ट पुरे," मी खेकसले. "मेलेल्यापायी जिवंत पोराला मुकणार आहेस का?"

ती उठली. मी तिच्याबरोबर निघाले. विमानतळावर काचेपलीकडे धावपट्टी दिसली आणि सामचोनने फरशीवर कपाळ टेकलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, आमच्याकडे मृतांपुढे दोनदा टेकतात तसं. माणसांची गर्दी थबकली. म्हातारीचं काही पडलं असावं म्हणून एक पर्यटक वाकून शोधू लागला. मला त्याचा संताप आला आणि रडूही.

विमानात तिने बूट काढून मांडीवर घेतले.

"आजी, बूट खाली ठेवा ना," हवाईसुंदरी म्हणाली.

"खाली माझा बाप आहे."

पोरगी कसनुशी हसून पुढे गेली. विमान धावू लागलं तसे सामचोनने दोन्ही पाय उचलले आणि चाकं सुटेपर्यंत अधांतरी धरले.

ग्योंगहो शुद्धीत होता. पिवळाधमक झालेला. आईला बघून त्याचा विश्वासच बसेना.

"विमानाने आलीस?"

"मग काय पोहत येऊ?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "आजोबा काय म्हणाले गं?"

"म्हणाले, लवकर जा, पोरगं वाट बघतंय."

त्याने डोळे मिटले. संध्याकाळी तो गेला.

तिकडे क्रियाकर्मही इस्पितळातच होतं; ते उरकल्यावर तिथल्या पायरीवर आम्ही दोघी बसलो होतो. मी म्हटलं, "बरं झालं सामचोन, आजोबांनी जाऊ दिलं."



"ते काहीतरी म्हणाले असतील गं," ती म्हणाली. "इंजिनाच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही."