दर रविवारी अर्धा फेरा

आत शिरण्याआधी ते गाडीच्या दारावर दोनदा टकटक करत. आत कुणी नसलं तरी. चपला पायरीखाली काढत, टाचा दाराकडे. ओट्यावर काचेची गोटी ठेवत. ती घरंगळली की खाली उतरून जॅक जरासा चढवत. छताच्या सांध्यांवरून बोट फिरवत आणि ते बोट हुंगत. ओल आधी नाकाला कळते, म्हणत. नट पिळताना जीभ दातांत धरत. दर रविवारी टायरवर खडूची रेघ ओढत आणि गाडी अर्धा फेरा पुढे घेत. पुढच्या रविवारी अर्धा फेरा मागे. टायर एकाच अंगावर बसू नये म्हणून.

मंगळवारी ते गेले. हे वाक्य मी चार वेळा खोडलं.

त्यांना सगळे फोरमन म्हणत. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढलेली. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"साहित्य शिकलीस म्हणतेस आणि बारा नंबरचा पाना ओळखता येत नाही?"

अंगणात ती गाडी होती. नऊ मीटर लांब, आत पलंग, ओटा, न्हाणीघर. शेजारी तिला पांढरा हत्ती म्हणत. सहा वर्षांपूर्वी फोरमननी ती जुनी घेतली, बायकोसाठी, म्हणजे काकूंसाठी. काकूंच्या पाठीमुळे त्यांना तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही, आणि त्यांची ताई राहते नऊशे किलोमीटरवर. पलंगावर आडवं होत, थांबत थांबत जाता येईल, असा बेत होता.

पण कधी छत गळे, कधी पाण्याची टाकी, कधी गॅसची नळी बदलायची असे. फोरमन अर्धवट काम सोडून निघणाऱ्यांतले नव्हते.

"अहो, ताईकडे जायचंय, लढाईवर नाही," काकू खिडकीतून म्हणत.

"रस्त्यात बंद पडली तर मलाच बोलशील."

"इथं बंदच आहे, तरी बोलतेच आहे की."

या वर्षी ताईंची नजर झपाट्यानं उतरली. उंबरा दिसेना. चेहरा अगदी जवळून दिसे. आहे ती नजर फार तर चार महिने टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईंचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. "दिसतंय तोवर ये गं," एवढंच त्या म्हणाल्या. फोरमननी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तारीख ठरवली. पुढच्या महिन्याची एक.

निघायला दहा दिवस होते. मी टायर पुसत होते.

"हे चार आकडे कसले?" मी वाचून दाखवले.

ते गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला, टायरच्या खाचेत नख घातलं. आत बारीक भेगा होत्या, वाळलेल्या चिखलासारख्या. ते आकडे म्हणजे टायर कधी बनला, तो आठवडा आणि ते वर्ष. बारा वर्षं झाली होती. सहाही टायरांना.

"डेपोत टायर दोन वर्षांत गुळगुळीत व्हायचा," ते म्हणाले. "म्हातारा झालेला टायर मी कधी बघितलाच नाही. नक्षी शाबूत दिसली की पुढे जायचो. दर रविवारी बघायचो, पोरी. दर रविवारी."

काकू दारात उभ्या होत्या. "नुसतं उभं राहूनही म्हातारं होता येतं. मला विचारायचंत."

फोरमन हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवे टायर आले. दुकानातला माणूस चाकं चढवून द्यायला तयार होता. यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्यानं पिळलेल्या नटावर काकूंना बसवून नेणं त्यांच्या जिवाला मानवलं नसतं. पुढची दोन चाकं त्यांनी एका दिवसात बदलली. डावीकडची मागची जोडी दोन दिवसांत. मध्ये मध्ये छाती चोळत. मी विचारलं तर म्हणाले, "जॅकला विचार, तो जास्त दमलाय."

मंगळवारी सकाळी उजवीकडच्या जोडीचे नट सैल करायला घेतले. पाणी प्यायला म्हणून पायरीवर बसले. मी तांब्या घेऊन आले तेव्हा मान दाराला टेकलेली होती. चपला पायरीखाली, टाचा दाराकडे.

शुक्रवारी काकूंनी स्वतःहून फोन लावला.

"ताई, दोन टायर राहिलेत फक्त. त्यांच्या डेपोतला ड्रायव्हर येतोय. मी एक तारखेला निघते."

पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाना कुठला लागतो, ठाऊक आहे ना तुला?"

मी अंगणात गेले. कुणी कशाला हात लावला नव्हता. उजव्या चाकाला आठ नट. पाच सैल केलेले होते. पाना सहाव्यावर अडकवलेला होता.