आकाशातल्या जहाजाचा दुसरा भाग

बोथच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ तीन वाजता लागायचा आणि आमच्या गावाची शेवटची बस पाच वाजता सुटायची. त्यामुळे आमच्या गावच्या बायांनी कोणत्याच सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं. शेवटी लग्न होणार, नाहीतर वाईट माणूस पोलिसांच्या हाती लागणार, हे बसमध्ये बसल्या बसल्या सांगता यायचं.

बोथ तेलुगू मुलखातलं, म्हणून सिनेमे तेलुगू, आणि त्याच मुलखातलं आमचं गाव मराठी. मी माहेरी चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेले होते, कारण त्या गावात तीच एक शाळा होती. मराठी वाचायला पुढे पोरांच्या पुस्तकांवरून शिकले. गावात तेलुगू नीट समजणारी बाई मी एकटीच, म्हणून सिनेमा पाहून यायचा आणि कापूस वेचताना सगळ्यांना सांगायचा, हे काम माझ्याकडे आलं. वेचणीला आम्ही दहा-बारा बाया असायचो. मला मधली पात, म्हणजे वेचायची मधली ओळ, देत, दोन्हीकडे आवाज जावा म्हणून.

नव्वदीच्या सुमाराची गोष्ट. नवरा कापसाची गाडी घेऊन बोथला गेला होता आणि मी सोबत गेले होते. गाड्यांची रांग मोठी, त्याला तिथंच मुक्काम पडणार होता. मी टॉकीजमध्ये जाऊन बसले. सिनेमा गोऱ्या लोकांचा होता, पण तेलुगू बोलणारा. त्यांच्या दुनियेतलं पाणी संपलेलं असतं, म्हणून ते एका मोठ्या जहाजात बसून आकाशात पाण्याची जागा शोधायला निघतात. जहाजाचा कप्तान पिकल्या दाढीचा, सगळ्यांवर खेकसणारा, पण आपल्या वाटचं पाणी गपचूप लेकुरवाळ्या बायांना देणारा. त्याच्या हाताखाली एक दांडगी बाई. असा सिनेमा मी आधी पाहिला नव्हता. जहाजाचे दोन तुकडे झाले, मोडक्या तुकड्यात कप्तान एकटा राहिला, आणि पाचची बस आली. मी उठले.

हा सिनेमा वेचणीत तीन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी मी मोडक्या तुकड्यापाशी आले तेव्हा सगळ्या बाया हात थांबवून उभ्या होत्या. माझी मोठी जाऊ, तिला मी बाई म्हणायचे, ती तर शेजारची पात ओलांडून माझ्याजवळ आली.

"मंग? मेला काय तो?"

बस आली म्हणून उठले, असं मला त्यावेळी सांगता आलं नाही. बस त्या दिवशी उशिरा सुटली, मी शेवट पाहून आले, असं सांगितलं. खोटं सांगितलं. इतर सिनेमांचा जो हिशेब तोच याला लावला. असा माणूस मरत नसतो. मी त्याला मोडक्या तुकड्यातून एका लहानशा होडीत बसवलं आणि ती होडी दांडग्या बाईच्या जहाजामागे लावून दिली.

"येईन मंग तो," बाई म्हणाली आणि झोळी सावरून आपल्या पातीवर गेली.

त्या दिवसापासून आमच्या वेचणीत दुसरी गोष्टच नव्हती. ज्यांनी त्या सिनेमाचं साधं पोस्टरही पाहिलं नव्हतं, त्या बाया त्यावरून भांडायच्या. जहाजात चूल कुठं असेल? एवढ्या माणसांचं धुणं बिनपाण्याचं कसं होत असेल? कप्तानाची बायको कुठं आहे? एक म्हणायची, ती दांडगी बाईच त्याची बायको. दुसरी म्हणायची, "बायको असती तर त्यानं खेकसायची हिंमत केली असती काय वं?"

पुढच्या वर्षीच्या वेचणीत शेजारच्या घरातली नवी सून आमच्यात आली. खाणकामगाराची मुलगी, बेल्लमपल्लीची. तेलुगू तिला आमच्या मराठीइतकं सोपं. पहिल्याच दिवशी बाईनं तिला कप्तानाची गोष्ट सांगितली, होडीसकट. सुनेनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. दुपारी बांधावर भाकरी खाताना ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"काकू, तो तर मेला ना?"

"तू पाह्यला काय?"

"दोनदा. आमच्या क्वार्टरापासून टॉकीज जवळच व्हती. तो मोडक्या जहाजातच राह्यते आन् ते जळून जाते. होडी नाई काकू त्याच्यात."

मी भाकरी खात राहिले. ती म्हणाली, "मी कायले बोलू? मी नवी हाय."

तेवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण आठवडाभरात बोथच्या बाजाराला गेलेल्या बाया धावत आल्यासारख्या आल्या. बसस्टँडच्या भिंतीवर पोस्टर लागलं होतं. वाचता कोणालाच आलं नव्हतं, पण माझ्या सांगण्यावरून जहाज ओळखलं. मी कामाचं निमित्त काढलं, म्हणून सुनेला घेऊन दुसऱ्या दिवशी दोघी मुद्दाम परत गेल्या. तिनं वाचून सांगितलं: दुसरा भाग, येत्या शुक्रवारपासून.

शेतात नुसता गलका. कोणी म्हणे या भागात पाणी सापडणार. कोणी म्हणे सापडलं तर सिनेमाच संपला, म्हणून नाही सापडणार. एकीला भीती, की पहिला चालला म्हणून दुसऱ्यात वरणात पाणी वाढवल्यासारखं करतील, नुसती मारामारी लावतील. बाईची चिंता वेगळी होती.

"कप्तानाचं काम दुसऱ्याच माणसानं केलं तर? मी तर उठून येईन."

"पोस्टरवर तो दिसला नाई," एकजण म्हणाली.

"होडीत हाय तो. होडी लहान असते. कशी दिसन?"

मी खाली मान घालून वेचत होते. आता या सगळ्या स्वतः पाहणार होत्या. शेवटासकट पाहायचा म्हणून त्यांनी शेतमालकाला गाठलं. शुक्रवारच्या आधी सगळं शेत वेचून देतो, तू आम्हाला ट्रॅक्टरची ट्रॉली दे. मालकाला वाटलं, थट्टा आहे. बुधवारीच शेत संपलं. मी आयुष्यात इतका भराभर कापूस वेचलेला पाहिला नाही, आणि वेचणाऱ्यांत मीही होते. माझं खोटं उघडं पडणार होतं, पण पुढे काय होतं ते मलाही पाहायचंच होतं. दांडगी बाई आता जहाज चालवणार, हे मला सुनेच्या बोलण्यावरून कळलं होतं आणि तेव्हापासून मला चैन नव्हतं.

शुक्रवारी जेवणं आटोपून ट्रॉलीत बसलो. गाव सुटताच बाईनं सुरू केलं. होडी कशी येईल, दांडगी बाई दोर कसा टाकेल, कप्तान वर चढताच पहिल्यांदा कोणावर खेकसेल. सगळ्या हसत होत्या. सून माझ्यासमोर बसली होती, तिनं मान खाली घातली. माझ्यासाठी ती पोर गप्प बसली होती, आणि टॉकीजमध्ये सगळ्यांसमोर ते उघडं पडल्यावर त्या तिलाही धरणार होत्या, तू माहीत असून बोलली का नाहीस म्हणून.

"बाई," मी म्हटलं, "होडी नाई येणार. तो मेला. मी शेवट पाह्यलाच नव्हता."

ट्रॅक्टरच्या आवाजात बाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मला दुसऱ्यांदा, ओरडून सांगावं लागलं.

"एक वर्ष!" बाई म्हणाली. "एक वर्ष मेलेल्या माणसाले जिता ठेवला तिनं! मी त्याच्यासाठी डोळे लावून बसली हाय!"

"बस आल्ती."

"बस आल्ती म्हणाव ना मंग! तोंडाले काय झालं होतं?"

मग एकेकीनं तोंडसुख घेतलं. मागच्या सिनेमांचे शेवट कोणते खरे, कोणते खोटे, हेही विचारून झालं. सगळेच माझ्या मनचे, मी सांगितलं. एकजण म्हणाली, ट्रॅक्टर थांबव आणि हिला उतरव. दुसरी म्हणाली, उतरवू नका, तीनचा खेळ चुकेल. त्यामुळे मी ट्रॉलीत राहिले.

"कोणी पाह्यला हाय शेवट?" बाईनं विचारलं. मी सुनेकडे बोट दाखवलं. नव्या सुनेनं मोठ्यांसमोर इतकं बोलायची रीत नव्हती, पण त्या दिवशी कोणी रीत पाहिली नाही. बोथ येईपर्यंत तिनं खरा शेवट सांगितला. दुसरा तुकडा निसटावा म्हणून कप्तान दार आतून धरून ठेवतो. दांडगी बाई काचेतून पाहते. तो तिच्यावर शेवटचं खेकसतो, "जा ना आता!" मलाही वाटलं, माझ्या होडीपेक्षा हे चांगलं आहे. त्याचा मला राग आला.

टॉकीजमध्ये बाईनं सुनेला बाकाच्या मधोमध बसवलं. समजावून सांगायचं काम तिचं. मी टोकाला. मला सांगायचं काही नव्हतं म्हणून मी पहिल्यांदा नुसता सिनेमा पाहिला. दांडग्या बाईचं कोणी ऐकत नव्हतं, पाणी चोरीला जात होतं, जहाजात बंड झालं. आमच्या बाकावरून शिव्या चालल्या होत्या. पुढच्या रांगेतले पुरुष मागे वळून पाहत होते, आम्हाला फरक पडत नव्हता. पाच वाजले. दूर बसचा हॉर्न वाजला, तसे माझे पाय आपोआप उठायला लागले. बाईनं माझा पदर धरून खाली ओढलं.

"बस. आज शेवट पाह्य."

पाहिला. जहाज एका निळ्या गोळ्याजवळ येतं, पाणीच पाणी. सगळे ओरडतात. आणि त्या पाण्यातून कोणीतरी दिवा दाखवतं. कोण, ते दाखवलं नाही. पडद्यावर तेलुगू अक्षरं आली, बाकीची कथा तिसऱ्या भागात. दिवे लागले. सिनेमा संपल्यावर टॉकीजमध्ये दिवे लागतात, हेही मला त्या दिवशी कळलं.

ट्रॉलीत चढेपर्यंत भांडण पेटलं होतं. दिवा कोणाचा? चोरांचा. तिथल्या रहिवाशांचा. बाई म्हणाली, कप्तानाचा.

"तो जळाला बाई," एकजण म्हणाली.

"जळताना कोणी पाह्यला? जहाज जळालं. काय वं पोरी, माणूस दिसला काय जळताना?"

सून विचारात पडली. "माणूस नाई दिसला," ती म्हणाली.

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. ऊन उतरलं होतं, ट्रॅक्टर बोथच्या बाहेर निघत होता.

"तुले काय वाटते?" बाईनं विचारलं. आवाजात अजून राग होता.

"मले माहीत नाई."

"ते ठाऊक हाय आमाले. वाटते काय, ते विचारून राह्यली मी."

"हे माझ्या मनचं हाय," मी म्हटलं. "पाह्यलेलं नाई. नंतर कोणी मले धरायचं नाई."

"नाई धरत. सांग."

मी ट्रॉलीच्या मध्ये सरकले, दोन्हीकडे आवाज जावा म्हणून, आणि तिसरा भाग सांगायला घेतला.