जाफराबादमार्गे मोंबासा

हे किस्से मी इतक्या वेळा सांगितले आहेत, की त्यातलं घडलेलं किती आणि माझ्या सांगण्यानं चिकटलेलं किती, याची मलाच आता खात्री नाही. दोन विषयांत एम.ए. केलेल्या माणसानं असं म्हणू नये. पण एका स्टाफरूममध्ये उमेदीची वर्षं काढली, की किस्से कपाटावरच्या जुन्या नकाशांसारखे साठत जातात. एक ओढावा, तर चार अंगावर येतात!

आमची शाळा जालन्यातली. हैदराबाद संस्थान नुकतंच भारतात आलं होतं. भूगोलाचे गंगाधरराव माझे मित्र. त्यांचा मावसभाऊ आफ्रिकेत, मोंबासाला रेल्वेच्या ऑफिसात होता. त्यानं कळवलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं नवरा-बायको येऊन बघून जा. इथल्या शाळेला मास्तर हवेत. आवडलं तर राहा."

गंगाधररावांनी त्याच दिवशी बोटीच्या तिकिटांसाठी पैसे साठवायला घेतले. मला म्हणाले, "तुम्ही बी चला!" शेजारच्या बदनापूरला जाताना खिशातलं तिकीट सारखं चाचपणारा माणूस मी. तरी हो म्हणालो. गंगाधरराव बरोबर असते, तर गेलोही असतो.

*

काटकसर चहापासून सुरू झाली. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शाळेसमोरच्या हॉटेलात जायचो. गंगाधररावही यायचे, बाकावर ऐसपैस बसायचे, गप्पा झोडायचे. चहा मात्र घ्यायचे नाहीत.

एक दिवस मालक वैतागला. "मास्तर, रोज येऊन बसून राह्यले, घेत तर काईच न्हाई!"

"माझा कप बाजूला ठेवून दे. मोंबासाला जाऊन आलो की पितो!"

"तवर थंड होईल की हो!"

*

खरी बचत करायच्या त्या त्यांच्या बायको, आमच्या वहिनी. गंगाधरराव नुसते चहा सोडून मोकळे झाले. दिवाळीचं लुगडं, पोळीवरचं तूप, हे सगळं वहिनींनी सोडलं.

एकदा त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. वरणभात वाढला, तूप आलं नाही. माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली असावी.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वाट बघू नका. तूप कवाच बोटीत बसलं. तुम्ही मागून या!"

*

मग हाली रुपयांचं प्रकरण झालं. हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे हिंदुस्थानचा. कलदाराची किंमत जास्त. मावसभावानं बोटीचं भाडं कळवलं होतं ते कलदारात. गंगाधररावांचा जन्म हालीत गेलेला. त्यांनी तेवढाच आकडा हालीत धरला आणि इमानेइतबारे साठवत राहिले! हाली बंद होणार म्हणून सगळे बदलून आणले, तेव्हा डबा एकदम हलका झाला.

स्टाफरूममध्ये हेडमास्तर काझीसाहेबांनी विचारलं, "क्या मियाँ, मोंबासा दूर चला गया?"

"मोंबासा बराबर जागेवर हाय, साहेब," गंगाधरराव म्हणाले. "आपणच मागं सरकलो!"

सगळे हसले. संध्याकाळी वहिनी एवढंच म्हणाल्या, "मंग अजून दोन दिवाळ्या."

*

बोट लागते, पोट ढवळून निघतं, असं कुणीतरी गंगाधररावांच्या डोक्यात भरवलं. जालन्यात समुद्र आणायचा कुठून? वहिनींचं माहेर जाफराबादकडे. त्या रस्त्याच्या खड्ड्यांची कीर्ती साऱ्या जिल्ह्यात होती. नवरा-बायको दर सुट्टीत जाफराबादच्या मोटारीत सगळ्यात मागच्या सीटवर बसायला लागले.

एकदा मीही बरोबर होतो. कंडक्टरला दया आली. "मास्तर, पुढं जागा हाय. या की!"

"न्हाई, न्हाई," गंगाधरराव पोट धरून म्हणाले, "आम्ही समुद्राची प्रॅक्टिस करून राह्यलो!"

सगळी मोटार मागं वळून बघायला लागली. गंगाधररावांचा चेहरा हिरवा पडला होता, माझी अवस्था सांगत नाही. मधे वहिनी आरामात बसून कैरीची फोड तिखट-मीठ लावून खात होत्या. माहेरच्या झाडाची कैरी.

"माझं झालं बघा मोंबासा," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा!"

*

अखेर पैसे जमले. कलदार, पुरते! उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली होती. काझीसाहेब आणि मी अभिनंदनाला त्यांच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव तिकिटांसाठी मुंबईला निघणार होते.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "घर सोडते, माणसं सोडते, समदं सोडते. एकच सांगा. तिकडं आंबा मिळंल ना?"

गंगाधरराव हसले आणि एकदम थांबले. कोनाड्यातून त्यांनी शाळेचं भूगोलाचं पुस्तक काढलं. पूर्व आफ्रिका. "कॉफी... कापूस... लवंग... घायपात." पान उलटून परत मागं आले. "आंबा न्हाई."

"घायपाताचे दोर खाऊ का मी?" वहिनी म्हणाल्या. सगळे हसलो.

काझीसाहेब म्हणाले, "अरे, भाई को पूछो!" पण पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत सुट्टी संपली असती. मी हळूच म्हणालो, "मिळतो म्हणून सांगून टाका ना."

"आजवर पोरांना हेच पुस्तक शिकवत आलो," गंगाधरराव म्हणाले. "पुस्तकात न्हाई, ते घरात कसं सांगू?"

वहिनी म्हणाल्या, "मंग यंदा राहू द्या. पुढल्या साली बघू."

पुढल्या साली त्या पैशातून जुन्या जालन्यात दोन खोल्या झाल्या. आंब्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मोंबासाचंही नाही. त्यांच्याशिवाय मी कुठला जातो!

गंगाधरराव गेले, त्यालाही बराच काळ लोटला. माझा मुलगा नोकरीसाठी नैरोबीला होता, तेव्हा मी त्याच्याकडे महिनाभर राहिलो आणि हट्टानं त्याला मोंबासाला न्यायला लावलं. भर डिसेंबर होता. बंदराकडच्या रस्त्याला आंब्याची झाडं होती, लगडलेली. एका झाडाखाली एक बाई टोपली घेऊन बसली होती. कैऱ्या कापून विकत होती, तिखट-मीठ लावून.