अंतरगंगेच्या तळ्यावर

त्या दिवसांत देवावर माझा विश्वास उरला होता की नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. यांना आठवडाभर धाप लागत होती. पाय सुजलेले, आडवं झालं की जीव घाबरा. बेळगावच्या दवाखान्यात नेलेले धाकटे दीर परत आले नव्हते, म्हणून यांना तिथे न्यायचं नुसतं मनात आलं तरी मला कापरं भरे. सासूबाई म्हणायच्या, तळ्यात तरंगणाऱ्या जलकुंभीचा रस धापेवर देतात. भर दुपारी रवळनाथाला हात जोडून मी गावाबाहेरच्या तळ्यावर एकटीच गेले.

पाणी दिसतच नव्हतं. कोबीच्या लहान गड्ड्यांसारखी हिरवी रोपं काठापासून काठापर्यंत दाटली होती. मूठभर उपटली, आणखी हवीत म्हणून पुढे सरकले, आणि जमीन समजून टाकलेला पाय खाली गेला तो गेलाच. गळ्यापर्यंत पाणी, पायाखाली गाळ. मुळांचे झुपके अंगाला चिकटत होते. ओरडायला तोंड उघडलं तर पाणीच आत.

“ते टाक आधी! मग ह्ये धर!”

काठावर रोपं बाजूला सारून कपडे धुणाऱ्या एका म्हातारीने लुगडं फेकलं होतं. मी मात्र बुडतानाही रोपं घट्ट धरून होते. ती सुटली, तेव्हाच लुगडं हाताला लागलं.

काठावर आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ह्या रोपाला कानडीत अंतरगंगे म्हणत्यात. आमच्यात खोबरेल तेलात उकळून गजकर्णाला लावत्यात. कच्चा रस पोटात द्यायचा न्हाय गं, घसा जळतोय. पाय सुजल्यात, धाप हाय, आणि तू हितं काय करालीस? दवाखान्यात ने.”

“मला लई भ्या वाटतंय.”

“मग भ्या घिऊनच जा. भ्या जायची वाट बघू नगंस.”

तासाभरात शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही बेळगावला निघालो. यांच्या छातीत पाणी साठलं होतं. “आज आणलंत म्हणून बरं,” डॉक्टर म्हणाले. तीन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून होते. भीती होतीच, पण देवाकडे काही मागितलं नाही. तू बघ, एवढंच म्हणत राहिले. चौथ्या दिवशी हे पहिल्यांदा सरळ आडवे होऊन झोपले.

नंतर मी त्या आजींना शोधलं. कणकुंबीहून लेकीकडे आलेल्या. पाया पडले तर पाय मागे घेत म्हणाल्या, “मी दुपारचं कवाच तळ्यावर जात न्हाय. त्या दिवशी का गेलतो, कुणाला ठावं!”

मला ठाऊक आहे, असं मीही म्हणणार नाही. फक्त रोज देवासमोर उभी राहते, तेव्हा माझे हात रिकामे असतात.