रंग खाणारी विहीर

मनकर्णाबाईच्या हातचं कुंकू रिसोडच्या बाजारात नावाजलेलं होतं. हळकुंडं लिंबाच्या रसात मुरत घालायची, त्यात टाकणखार आणि तुरटी मिसळायची, सावलीत वाळवायची, मग कुटून वस्त्रगाळ करायची. कृती एवढीच. पण पिवळीधमक हळद लाल व्हायला लागली की तीस वर्षं हेच करत आलेल्या या बाईचा हात अजूनही थांबायचा. "पाह्य व रुख्मिणी, कशी पालटून राह्यली," असं ती सुनेला दर खेपेला नव्यानं सांगायची. लिंबात लाल नाही, टाकणखारात लाल नाही, तुरटीला तर रंगच नाही. मग हा लाल येतो कुठून? नवरा जानराव म्हणायचा, "येते तिथून येते. तू कूट!" नवऱ्यांना असल्या प्रश्नांचं वावडंच असतं.

मेडशीच्या अलीकडचं त्यांचं गाव चाळीसेक घरांचं. सन एकवीसच्या वैशाखात तिथं पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली. पाच दिवसांत सात माणसं गेली. गावाची विहीर एकच, आणि तिच्या काठावरच्या दगडी ओट्यावर मरीमायचा शेंदरी दगड. गावाची रीत अशी की आजाऱ्याचं लुगडं-धोतर मरीमायच्या पायाशी धुऊन पिळायचं, वर पाच घागरी पाणी घालायचं आणि कुंकू वाहायचं. रोग जिचा आहे तिला परत केला, की माणूस सुटला.

सहाव्या दिवशी मनकर्णाबाईच्या दारात पटकी आली. रुख्मिणीला पहाटेपासून जुलाब-ओकाऱ्या लागल्या. दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले, बोटांना सुरकुत्या पडल्या. मनकर्णाबाईला लेक नव्हती. होती ती ही सूनच. तिनं पदर खोचला, लुगडं उचललं, मरीमायच्या पायाशी धुतलं, पाच घागरी घातल्या. रोज, दिवसातून तीनदा. कुंकू घरचंच, त्यामुळे वाहताना तिनं हात आखडला नाही.

त्याच दिवशी वाशीमहून फुलचंद कंपौंडर घोड्यावरून आला. अंगानं काडी, पण बोलायला खणखणीत. त्यानं रुख्मिणीला मीठ घातलेली भाताची पेज आणि उकळून गार केलेलं पाणी घोट घोट पाजायला सांगितलं. मग विहिरीवर जाऊन पुडीतले काळपट खडे बादलीत विरघळवले आणि बादली आत ओतली. बघता बघता अख्खी विहीर जांभळी झाली. गावानं तोंडात बोटं घातली. एवढ्याशा चिमटीत एवढा रंग! मनकर्णाबाई तर काठ सोडून हलेना.

"ही दवा घाण खाते," फुलचंद म्हणाला. "खाता खाता सोताचा रंग घालवते. उद्या सकाळी पाण्यात गुलाबी झाक उरली, तर समजा घाण संपली. तोवर हे पाणी कोनी पिऊ नोका, नाल्याचं पानी उकळून प्या."

दुसऱ्या सकाळी पाणी मळकट तांबूस. त्यानं पुन्हा खडे टाकले. तिसऱ्या सकाळी तेच, आणि पुन्हा खडे. "मरीमाय रंग पिऊन टाकते," म्हणून पाटील जगदेवनं हात जोडले. त्याची बायको कमलीबाई आदल्याच दिवशी गेली होती. त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. फुलचंद कपाळाला हात लावून बसला. "रोज नवी घाण येऊन राह्यली. पन येते कुठून?"

हा प्रश्न मनकर्णाबाईच्या ओळखीचा होता. "भाऊ," तिनं विचारलं, "घाण तर मले दिसत नाई. पानी कसं नितळ होतं."

त्यानं भर दुपारच्या आभाळाकडे बोट केलं. "चांदन्या दिसतात का बाई आता?"

"नाई."

"पन हायेत ना? तिथंच हायेत साऱ्या. उजेडापुढं आपला डोळा पुरत नाई. तसे या रोगाचे जीव. घागरीत लाखो असतीन, पन डोळा पुरत नाई."

मनकर्णाबाई वर बघतच राहिली. डोक्यावर चांदण्यांनी भरलेलं आभाळ आहे आणि आपण त्याखाली उन्हात उभ्या आहोत, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. हे आपल्याला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नाही याचा तिला रागही आला.

मग तिनं दुपारच्या खेपेची तिसरी घागर मरीमायवर ओतली, आणि तिचं लक्ष खाली गेलं. सकाळपासून चार घरांच्या बायकांनी इथं लुगडी धुतली होती, घागरीवर घागरी ओतल्या होत्या. ओट्याचा उतार बाहेरच्या बाजूला. मग बाहेरची माती कोरडी ठणठणीत कशी?

तिनं चौथ्या घागरीत मूठभर कुंकू कालवलं आणि ती सावकाश देवीच्या पायाशी ओतली. मग काठावर पालथी पडून आत डोकावली. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग आतल्या भिंतीत, दोन चिऱ्यांच्या मधून, लाल धागा निघाला. तो सरसर खाली उतरला आणि जांभळ्या पाण्याला जिथं टेकला, तिथं जांभळं विटून तपकिरी व्हायला लागलं. रंगानं रंग खाल्ला होता, तिच्या डोळ्यांदेखत. एवढं अद्भुत तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि एवढं भयंकरही.

कारण ते कुंकू तिचं होतं. त्याच वाटेनं रुख्मिणीच्या लुगड्याचं पाणी उतरलं होतं. आणि पहिल्या दिवशी तिनं लुगडं पिळलं, त्यानंतर तासाभरानं, फुलचंद यायच्या आधीच, इथून घागर भरून नेली होती कमलीबाईनं.

तिनं जगदेवला बोलावणं धाडलं. मरीमायला हलवायचं म्हणताच तो कडाडला, "मायले हात लावाल तर याद राखा!"

"हात नोको लावू. आदी वाकून पाह्य," ती म्हणाली आणि कुंकू कालवून पाचवी घागर ओतली.

जगदेवनं लाल धागा पाहिला. ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलू शकली नसती. "ते माह्या हातचं कुंकू हाय, जगदेव. कमली गेली ते माह्या सुनेच्या लुगड्याच्या पान्यानं. मीच पिळलं. मले ठाऊक नोतं रे बाप्पा."

जगदेव काठ धरून उठला. मग त्यानं पागोटं उतरवलं, देवीला दंडवत घातला आणि तो शेंदरी दगड स्वतःच पोटाशी धरून उचलला. नाल्यापलीकडच्या निंबाखाली नेऊन ठेवला. लोक बघत राहिले. फुलचंदनं चिऱ्यांच्या फटी चुन्यानं बुजवून घेतल्या आणि पुन्हा खडे टाकले.

सकाळी मनकर्णाबाई विहिरीवर गेली तेव्हा जगदेव रिकामी घागर घेऊन आधीच बसलेला होता. तिनं दोर सोडला, बादली वर ओढली. पाण्यात फिकी गुलाबी झाक होती. रंग टिकला होता. घरी रुख्मिणी पेजेसाठी हाका मारत होती. पण मनकर्णाबाईनं आधी ओंजळ भरली, सगळ्यांदेखत पाणी प्यायलं आणि जगदेवच्या घागरीत उरलेली बादली रिकामी केली.

"घे," ती म्हणाली. जगदेवनं तिच्या पायांना हात लावला, घागर खांद्यावर घेतली आणि तो घराकडे चालू लागला.